डावी मशीन

नानांना फोटो आवडत नसत. कुणी पासपोर्ट फोटो दाखवला की तो चिमटीत धरून म्हणत, "एवढा असतो का माणूस?" नकाशाचंही तेच. जळगाव ते धुळे हे अंतर बोटाच्या पेरात बसवणारा माणूस लबाड असला पाहिजे, असं त्यांचं स्पष्ट मत होतं. आणि असं मत बाळगणारा हा गृहस्थ आमच्या कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसचा प्रमुख होता! तिथं दिवसभर दुसरं काम तरी काय, मोठ्या वस्तू लहान करून कागदावर काढायच्या.

कारखाना जळगावच्या एमआयडीसीत होता. डाळ मिलला लागणाऱ्या मशीन आम्ही बनवायचो. वरून तूर ओतली की ती रोलरवर घासली जायची, साल निघायची, मग आतला लांबलचक स्क्रू फिरत फिरत माल पुढं ढकलायचा. नाना ह्या मशीनबद्दल घरच्या म्हशीबद्दल बोलावं तसे बोलत. कुठली जास्त खाते, कुठली कुरकुरते, कुठलीच्या पायाला त्रास आहे, सगळं तोंडपाठ.

ते बोदवडहून पॅसेंजरने अप-डाऊन करत. अंगात राखाडी सफारी आणि खिशात मोजायची टेप. ही टेप ते कुठंही बाहेर काढत. स्टेशनाजवळच्या हॉटेलात बसले की आधी टेबलाची उंची मोजायची, मग चहा सांगायचा. एकदा हॉटेलवाल्याला म्हणाले, "टेबल दोन बोटं उंच आहे तुझं. गिऱ्हाईक अवघडतं आणि लवकर उठतं." तो म्हणाला, "नाना, म्हणून तर तसं करून घेतलंय." त्या दिवशी नाना इतके खूश झाले की पुढं कित्येक दिवस आम्हाला त्या हॉटेलवाल्याची हुशारी ऐकावी लागली.

त्यांच्या घराची गोष्ट तर अख्ख्या बोदवडला माहीत होती. घर बांधायच्या आधी नानांनी रिकाम्या प्लॉटवर चुन्याच्या फक्कीने पूर्ण मापाचा नकाशा आखला आणि अक्कांना, म्हणजे त्यांच्या बायकोला, एक दिवस त्यात राहायला लावलं. अक्का मला सांगताना अजून चिडायच्या. "भर उन्हात स्टोव्ह घेऊन बसले मी त्या फक्कीच्या सैपाकघरात. येणारे-जाणारे बघताहेत. मी पाणी आणायला सरळ निघाले तर हे ओरडले, 'अगं, भिंत आहे तिथं!'" संध्याकाळपर्यंत अक्कांनी मोरी सैपाकघराच्या डाव्या अंगाला आणि देवघर पुढच्या खोलीत नेऊन ठेवलं. घर तसंच बांधलं गेलं. त्यात पुढं काही बदलावं लागलं नाही, हे अक्काही कबूल करायच्या, पण नाना समोर नसताना.

पंचाण्णव-शहाण्णवच्या सुमारास आमच्या कारखान्यात ड्रॉइंग काढायचा कम्प्युटर आला. मी डिप्लोमा करून नाशकात कॅड शिकून आले होते, म्हणून मला घेतलं. मला वाटलं होतं, प्रमुख म्हातारा आहे, कम्प्युटरला नाकं मुरडणार, रोज वाद होणार. मी तर वादाची तयारी करूनच गेले होते. तसा माझा स्वभावही गरीब नाही. पहिल्याच दिवशी मी नानांना सांगितलं, "ह्यात वस्तू लहान करून काढत नाहीत. आठ फुटांची मशीन आठ फुटांचीच काढायची. छापताना हवी तर लहान करायची."

नाना उठून उभे राहिले. "म्हणजे आत ती आठ फुटांची असते?"

"हो."

"खरोखर आठ फुटांची?"

"खरोखर, नाना."

त्यांनी स्क्रीनला चक्क हात जोडले. म्हणाले, "आयुष्यभर मला खोटं बोलायला लावलं ह्या लोकांनी." वादाची माझी सगळी तयारी फुकट गेली.

त्यानंतर हा माणूस कम्प्युटरला असा चिकटला की मला स्टूल घ्यावं लागलं. कम्प्युटरची खोली कारखान्यात सर्वांत थाटाची. एसी काय तो तिथंच, चपला बाहेर काढायच्या, आणि चाकांची फिरती खुर्ची. त्या खुर्चीत नाना आणि डाव्या बाजूला स्टुलावर मी. कमांड मी सांगायची, बटणं ते दाबायचे. बोटं जाडजूड, पण महिनाभरात त्यांचा हात बसला. पूर्वी ट्रेसिंग पेपरवर शाईची रेघ चुकली की अर्ध्या ब्लेडने खरवडावी लागे, कागदाला भोक पडलं की सगळं पहिल्यापासून. एका रोलरचा व्यास बदलला तर पाच कागद बदलायचे आणि सहावा हमखास राहायचा, मग तो सहावा शॉपमध्ये, म्हणजे मशीन बनायच्या तिथं, जाऊन गोंधळ घालायचा. आता एक माप बदललं की जोडणीचं चित्र लगेच समोर दिसायचं, कुठं काय अडतंय ते लोखंड कापायच्या आधी कळायचं. नाना म्हणत, "इंजिनिअरबाई, आपण आता चुका स्वस्तात करतो." मला ते इंजिनिअरबाई म्हणत. बाकी कारखाना मला "त्या कम्प्युटरवाल्या मॅडम" म्हणायचा आणि काही विचारायचं असलं की माझ्या डोक्यावरून नानांना विचारायचा.

पण खरं माप नुसतं कम्प्युटरच्या पोटात असून नानांचं समाधान होईना. आमच्याकडं ट्रेसिंगच्या रोलवर पेनने रेघा काढणारा प्लॉटर होता. नानांनी त्यावर मशीन पूर्ण मापात छापायला सुरुवात केली. लांबच लांब पट्ट्या निघायच्या, त्या चिकटवल्या की सतरंजीएवढा कागद व्हायचा. तो गुंडाळून ते गिऱ्हाइकाकडं घेऊन जात आणि जिथं मशीन बसायची तिथं अंथरत. "चाला त्याच्यावरनं. पोतं कुठून आणणार? माणूस कुठं उभा राहणार?" गिऱ्हाइकांना ड्रॉइंग वाचता येत नसे, पण ह्या कागदाभोवती चालता सगळ्यांना यायचं. आणि ह्या अंथरायच्या कागदावर नाना एक अक्षरही छापू देत नसत. मी म्हणायचे, निदान 'इथून माल आत' एवढं तरी लिहू. त्यांचं उत्तर ठरलेलं, "खऱ्या मशीनवर लिहिलेलं असतं का?"

त्या वर्षी धुळ्याच्या एका डाळ मिलची मोठी ऑर्डर होती. मिलचे मालक मूळ मारवाडचे, पिढ्यान्‌पिढ्या धुळ्यात मुरलेले शेठजी. बोलायला गोड, पण मुहूर्ताशिवाय पाऊल न टाकणारे. नाना, मी आणि आमचे फिटर आबा असे तिघं कागदाची गुंडाळी घेऊन गेलो. आबा अमळनेरकडचे, अहिराणी बोलणारे, हाताने मशीन जोडणारे आणि तोंडाने सतत पान चघळणारे. शेडमध्ये कागद अंथरला, चार कोपऱ्यांना काट्यावरची वजनं ठेवली. नाना म्हणाले, "या शेठजी, चाला."

शेठजी काठावरच थांबले. चप्पल केव्हाच काढली होती, तरी पाऊल उचलेना.

"नानासाब, कागज आहे. त्याच्यावर शाई आहे. सरस्वतीवर पाय कसा देऊ?"

दुसरा कुणी असता तर अडला असता. नाना अडणाऱ्यांतले नव्हते. ते लगेच म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. आबा, धरा तिकडून. कागद पालथा घाला. शाई खाली, पाठ वर. आता सरस्वती झाकली."

ट्रेसिंगचा कागद आरपार दिसणारा. पालथा घातला तरी रेघा तशाच स्वच्छ. शेठजींचं समाधान झालं, त्यांनी कागदाला नमस्कार केला आणि चालायला लागले. नाना खांद्यावर खरंच एक पोतं घेऊन त्यांच्यामागं चालले. माल डावीकडच्या दारातून येणार, डाळ उजवीकडं गोदामाच्या तोंडाशी पडणार, मोटर मागं भिंतीशी. सगळं इतकं मनासारखं बसलं की शेठजींना भरून आलं. भटजी बोलावलेलेच होते. माल ओतायच्या जागेवर पूजा झाली, नारळ फुटला आणि दुसऱ्या दिवशी तिथंच पाया खणायला घेतला. आम्हा कोणालाही काही खटकलं नाही. अक्षर असतं तर ते उलटं दिसलं असतं. ते नव्हतं.

पाया झाल्यावर आबा बोल्टांची मापं घ्यायला धुळ्याला जाऊन आले. आल्यावर आमच्या शॉपमध्ये अर्धवट उभ्या असलेल्या मशीनपुढं टेप घेऊन त्यांनी मापं दोनदा ताडून पाहिली. मग चपला काढून एसी खोलीत आले.

"नाना, आपली मशीन उजवी शे. तठला पाया डावा शे."

"म्हणजे?"

"बठ्ठं उलटं शे, नाना."

नानांनी माझ्याकडं पाहिलं, मी त्यांच्याकडं. ट्रेसिंगची ती गुंडाळी कोपऱ्यात उभी होती. नानांनी ती उलगडली, पालथी घातली, परत सुलटी केली. मग मटकन खुर्चीत बसले आणि खो खो हसायला लागले. "सरस्वती झाकली, आणि बघा!"

आमच्या कारखान्याच्या मालकांना मात्र हसू आलं नाही. मशीन फिरवून बसवावी तर मोटर भिंतीकडून उठून येण्याजाण्याच्या वाटेत येत होती. पाया हलवायचं शेठजींना फोनवर विचारलं, तर ते म्हणाले, "नारळ फुटला तिथंच मशीन. पूजेची जागा हलत नाही." आणि नवीन तूर यायला फारसे दिवस उरले नव्हते. मालक आमच्या खोलीत येऊन, चपला न काढता, म्हणाले, "कम्प्युटरने वाट लावली. पूर्वी असं झालं नव्हतं. विकून टाकतो मी हे धूड."

"कम्प्युटरने काही केलं नाही," नाना म्हणाले. "मी केलं. आता तो निस्तरेल. तूर उतरायच्या आत डावी मशीन धुळ्यात उभी करतो. आणि ऐका, ती पहिल्या दमात चालली नाही, तर कम्प्युटर विकू नका. मी ही खुर्ची सोडतो."

आबांसकट दारात पाचसहा माणसं उभी होती. सगळ्यांनी ऐकलं. आणि नाना शब्द द्यायला जितके सैल तितकेच तो पाळायला कडक होते. त्यांच्या जागी दुसरा प्रमुख आला असता तर स्टुलावरच्या बाईला त्याने ठेवलं असतं, ह्याचीही मला खात्री नव्हती.

मशीन उलटी करायची म्हणजे टेबलावर हाताने काढणाऱ्याला सगळे कागद नव्यानं काढावे लागले असते. कॅडमध्ये मिरर नावाची कमांड असते. वस्तू निवडायची, मधे आरशाची एक रेघ कल्पायची, की पलीकडं तिचं प्रतिबिंब उभं. शेवटी कम्प्युटर एक प्रश्न विचारतो, 'जुनं पुसून टाकू का?' मी सवयीनं 'हो' म्हणाले, तर नानांनी बटणावरचं बोट मागं घेतलं. "नाही म्हणा. जुनं कधी पुसायचं नाही. नवं चुकलं तर कशाशी ताडून बघणार?" म्हणून आमच्या फायलीत दोन मशीन शेजारीशेजारी उभ्या राहिल्या, उजवी आणि डावी, जुळ्या बहिणी. पहिली छपाई निघाली तेव्हा मापांचे आकडेही आरशातले आले होते. नानांनी कागद खिडकीला पालथा लावला आणि खणखणीत वाचून दाखवला. "ह्या वेळी पालथं वाचायचंच आहे!"

पण कागदावरचं प्रतिबिंब पुरेसं नव्हतं. लोखंडात काय उलटतं आणि काय उलटत नाही, हे नानांना डोळ्यांनी पाहायचं होतं. त्यासाठी ते कोपऱ्यावरच्या सलूनमधून भिंतीवरचा मोठा आरसा उचलून घेऊन आले. सलूनवाला मागं मागं, एक गिऱ्हाईक तोंडाला साबण लावून त्याच्या मागं. उजव्या मशीनला आरसा लावून नाना एकेक भाग बघत फिरले. "पत्रा? उलटा वाकवा. चाळणी? आहे तीच पालथी घाला. स्क्रू? पीळ डावा झाला बघा, नवा बनवा. मोटर? मोटर बाजारातली, तिच्या दोन वायरी अदलाबदल करा, उलटी फिरेल." मी शेजारी उभी राहून कम्प्युटरमधल्या यादीत खुणा करायची. खरं सांगते, नोकरीत इतकी मजा मला पुन्हा कधी आली नाही.

डावी मशीन वेळेच्या आत धुळ्याला गेली. पाय बोल्टांवर टेकले तेव्हा हातोडासुद्धा लागला नाही, अलगद बसली. शेठजींची तूर दारात उतरत होती. मालकही आले होते. आबांनी बटण दाबलं, स्क्रू उलटा फिरू लागला, तूर सुलटी पुढं सरकू लागली आणि गोदामाच्या तोंडाशी पिवळीधमक डाळ पडायला लागली. शेठजींनी पेढ्यांचा बॉक्स उघडला. आबा ओरडले, "चालनी, नाना, मशीन चालनी!" नाना हात मागं बांधून, मान ताठ करून उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर मोठेपणा मावत नव्हता, आणि तो त्यांना शोभतही होता.

पेढा तोंडात असतानाच खडखड सुरू झाली. रोलरच्या टोकाची पुली डुगडुगली, तिला धरून ठेवणारा मोठा नट गरगर सुटून जमिनीवर पडला आणि पट्टा निसटला. आबांनी बटण बंद केलं. 

नानांनी नट उचलला. त्यांना माझ्या आधी कळलं. "रोलर उलटा फिरवला. नटाचे आटे उजवेच राहिले. फिरता फिरता तो आपोआप सैल झाला." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "चित्रात उजवे आटे आणि डावे आटे सारखेच दिसतात, इंजिनिअरबाई. आणि आरसा घेऊन फिरलो तेव्हा हा नट पुलीच्या झाकणाखाली होता. झाकण मी काढलं नाही."

जवळच्या वर्कशॉपमधून ड्रिल मशीन आणली, नटातून आणि शाफ्टातून आरपार भोक पाडून पिन ठोकली, आणि दुपार कलायच्या आत मशीन पुन्हा सुरू झाली. ती थांबली नाही. डाव्या आट्यांचा शाफ्ट आम्ही नंतर सवडीने बसवला. शेठजी तर खूशच होते. पूजेची जागा राखली म्हणून त्यांनी नानांना शाल दिली. मालक परतीच्या वाटेवर गाडीत म्हणाले, "नाना, जिंकलात. झालं गेलं विसरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर आले, तर खुर्ची रिकामी आणि नाना माझ्या स्टुलावर.

"बसा," ते खुर्चीकडं बोट करून म्हणाले.

"काहीतरीच काय, नाना! मशीन चालली ना."

"पहिल्या दमात म्हणालो होतो मी. सगळ्यांनी ऐकलंय."

मी बसेना, ते उठेनात. शेवटी खुर्ची ना त्यांची ना माझी, असं करत दोघंही उभ्याउभ्याने काम करू लागलो. मालक आले, रिकामी खुर्ची बघून त्यांनी कपाळाला हात लावला. त्यांनी नानांना समजावलं, रागावले, शेवटी हरले. माझ्याकडं वळून म्हणाले, "बाई, तुम्ही बसा. नाहीतर हा माणूस निवृत्त होईपर्यंत इथं कुणी बसायचं नाही." मी बसले. खुर्ची मला मोठी होत होती. नानांनी खिशातून टेप काढली, माझ्या गुडघ्यापर्यंतची उंची मोजली आणि खटका दाबून खुर्ची खाली केली.

त्यांनी खुर्ची सोडली, पण जीभ सोडली नव्हती. स्टुलावरून ते पूर्वीसारखेच ओरडायचे, "ही रेघ कुठं चालली? थांबवा तिला!" फरक एवढाच, की आता कमांड ते सांगायचे आणि बटणं मी दाबायची. आणि शॉपमधलं कुणी येऊन सवयीनं त्यांना माप विचारू लागलं, की ते हात वर करून म्हणत, "मला काय विचारतोस? खुर्चीला विचार." आधी लोक हसायचे. मग खरंच मला विचारू लागले. एके दिवशी आबा नानांकडं न बघताच सरळ म्हणाले, "मॅडम, आते काय करानं?" नानांनी स्टुलावर बसून असं काही तोंड केलं, की जणू आबांना ते बोलणं त्यांनीच शिकवलं असावं. शिकवलंही असेल. त्या नटाचं त्यांना आधीच माहीत होतं का, असा वेडा संशयही मला कधीकधी येतो. पण नाही, मशीनशी ते असं वागले नसते.

डाव्या मशीनची पुढं गंमतच झाली. शेठजींचा धंदा त्या वर्षी जोरात चालला आणि धुळ्यात बोलवा झाली की डावी मशीन लाभते. जो तो डावीच मागू लागला. आमच्याकडं दोन्ही तयार होत्या, कारण जुनं पुसलेलं नव्हतं. माझ्या लग्नात नानांनी कपाटाचं पूर्ण मापाचं ड्रॉइंग आहेर म्हणून दिलं. "भिंतीला लावून बघा. आवडलं की कपाट येईल." कपाट आलं आणि चपखल बसलं.

नाना निवृत्त झाले, बोदवडच्या त्या घरात सुखानं राहिले आणि तिथंच गेले. मी खुर्चीत राहिले. कम्प्युटर कितीदा बदलला, प्लॉटर गेला, ट्रेसिंग गेलं, खुर्चीही दोनदा बदलली. मध्यंतरी मालकांच्या मुलाने खोली नव्यानं करायला घेतली. नवी टेबलं, काचेचं दार. माझ्या डाव्या हाताशी असलेलं पत्र्याचं स्टूल त्याने बुटाने सरकवून पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, हे जुनं काढून टाकू का?"

मी म्हटलं, "नाही."